घोडा दावणीचं जनावर नव्हे: शेतावर घोडी सांभाळताना मी काय करते

सकाळी साडेपाचला घोड्यांकडे गेले की मी आधी लीद बघते. तोंडावरून हात नंतर फिरवते. रात्रभरात किती ठिकाणी पडलीय, गोळे कसे आहेत, वास कसा आहे, एवढं बघायला दोन मिनिटं पुरतात. निरोगी घोडा दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा लीद टाकतो. गोळा जमिनीवर पडला की हलकेच फुटला पाहिजे. बारीक, घट्ट, वरून शेंबडासारखा थर असलेले गोळे दिसले की समजायचं, पाणी कमी पडतंय किंवा पोट मंदावलंय. लीद शेणासारखी पसरली असेल तर चारा फार घाईनं बदलला गेलाय, नाहीतर आत काहीतरी बिघडलंय. हरभऱ्याचे अख्खे दाणे किंवा बोटभर लांब काड्या जशाच्या तशा बाहेर पडल्या असतील तर दात तपासायला झालेत. आणि रात्रभर लीदच पडली नसेल तर मी बाकी सगळं सोडून डॉक्टरांना फोन करते.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाणफुगवट्यापासून जवळ. ऊस, थोडी ज्वारी, चार म्हशी आणि दोन घोडी. राजा मारवाडी जातीचा, आमच्या ह्यांनी सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणलेला. साळू भीमथडी जातीची, धनगरांच्या वाड्यावरून, म्हणजे त्यांच्या फिरत्या तळावरून, आमच्याकडे आलेली. घोडा कसा सांभाळायचा हे मी राजाला आजारी पाडून आणि साळूकडे बघून शिकले.

राजा आला तेव्हा आम्ही त्याला फार हौसेनं ठेवलं. फरशी घातलेला गोठा, वर पंखा, पुढे अगाडीचा दोर आणि मागच्या पायांना पिछाडीचा दोर. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन किलो हरभरा, त्यात गव्हाचा कोंडा, वर गुळाचा खडा. चारा मात्र म्हशींसारखा, कुट्टी करून दोन वेळा. आठवड्यातून एखादी फेरी. महिन्याभरात अंगावर अशी चकाकी आली की येणारा-जाणारा थांबून बघायचा. दीड महिन्यानं एका रात्री तो पुढच्या पायानं फरशी उकरायला लागला. सारखा मागे वळून स्वतःच्या कुशीकडे बघायचा, वरचा ओठ दुमडायचा, बसायचा, लोळायचा, घामानं निथळत पुन्हा उठायचा. मी कुशीला कान लावला. घोड्याच्या पोटात एरवी सतत काहीतरी गुडगुडत असतं, मधूनच नळातून पाणी गेल्यासारखा आवाज येतो. त्या रात्री आत काहीच वाजत नव्हतं. डॉक्टर आले, नाकातून नळी घातली, इंजेक्शनं दिली. पहाटे चार वाजता त्यानं लीद टाकली तेव्हा आम्ही दोघं फरशीवरच बसून होतो.

त्याच आठवड्यात आमच्या मोकळ्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. वाड्यावरच्या एक मावशी विहिरीवर पाणी न्यायला यायच्या. त्यांनी राजाकडे बघितलं, फरशीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, घोडं काय म्हस हाय व्हय, दावणीला बांधून खाऊ घालायला? आमचं घोडं दिसाला चार कोस चालतंय, वाटंनं धा ठिकाणी तोंड घालतंय. त्येचं पोट कशाला दुखंल?"

त्यांच्या घोडीच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड असतं. भांडी, अंथरुणं, खुराड्यासकट कोंबड्या, कधी नुकतं जन्मलेलं कोकरू. पुढच्या तळावर घोडी न्यायचं काम बायकांचं. उंची जेमतेम साडेबारा-तेरा मुठी (एक मूठ म्हणजे चार इंच)... आमच्या राजाच्या खांद्याखाली राहील एवढंच ते जनावर, पण पाय लोखंडासारखे. हीच भीमथडी, भीमेच्या खोऱ्यातलं, मराठ्यांच्या फौजांतलं तट्टू. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं अलीकडे तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. ती आजवर टिकली ती मात्र या वाड्यांवर.

मावशींच्या बोलण्यातलं शास्त्र मला नंतर डॉक्टरांनी उलगडून सांगितलं. घोड्याचं जठर अंगाच्या मानानं फार लहान, आठ ते पंधरा लिटरचं. त्यात आम्ल चोवीस तास पाझरतं, घोडा खात असो वा नसो. आम्ल शमवणारी लाळ मात्र फक्त चावताना सुटते. म्हणून तोंड सहा-सात तास रिकामं राहिलं की जठराला आतून जखमा होतात. चाऱ्यातला चोथा मागच्या मोठ्या आतड्यात जंतू आंबवतात. चंदी, म्हणजे दाणा, एका वेळी जास्त झाली की ती वर पुरती पचत नाही, तशीच मागे उतरते, तिथले जंतू बिघडतात, गॅस धरतो, आणि पुढे त्याचा त्रास थेट खुरांपर्यंत पोचतो. गाय रवंथ करते, तिचं गणित वेगळं. घोड्याला तर उलटीसुद्धा करता येत नाही, आत गेलेलं पुढेच जायला हवं. मोकळं घोडं दिवसातले चौदा-सोळा तास चरत असतं, चरता चरता चालत असतं. आपण त्याला दोन वेळा जेवायला वाढतो आणि उरलेला वेळ बांधून ठेवतो. घोड्यांची बरीच दुखणी इथूनच सुरू होतात.

चारा

आधी वजन काढा. काट्याची गरज नाही. पुढच्या पायांच्या लगेच मागून, मानेमागच्या उंचवट्यावरून छातीचा घेर मोजायचा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी. शिवणकामाची टेप मोठ्या घोड्याला पुरत नाही, म्हणून मी सुतळी लावते आणि सुतळी टेपवर मोजते. घेराला घेरानं गुणायचं, त्याला लांबीनं गुणायचं, आणि ११,८८० नं भागायचं. मापं सेंटिमीटरमध्ये घेतली की उत्तर किलोत येतं. राजाचा घेर १६५, लांबी १५५, म्हणजे साधारण ३५५ किलो. साळूचा घेर १४०, लांबी १३२, म्हणजे २१८ किलो. वजनाच्या दोन टक्के कोरडा चारा रोज लागतो, दीड टक्क्याच्या खाली कधी जाऊ नये. राजाला सात किलो, साळूला चार-साडेचार. एकदा तरी काट्यावर तोलून बघाच. डोळ्यांना जे भरपूर दिसतं ते काट्यावर निम्मं भरतं, हा माझा अनुभव.

आमच्याकडे मालदांडीचा कडबा आणि बांधावरचं मारवेल, पवना वाळवून ठेवलेलं असतं. घोड्याला बारीक कुट्टी देऊ नका. पेंढी अख्खी सोडा, फार तर तिचे हातभर तुकडे करा. तो पाला ओरबाडत बसतो, चावत बसतो, लाळ सुटत राहते. वेळ लागला पाहिजे, हाच त्यातला मुद्दा. लसूणघास राजाला रोज दोन-तीन किलो हिरवी.

ऊसपट्ट्यातल्या माझ्यासारख्यांना एक गोष्ट आवर्जून सांगते. आपल्याकडे वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, फुकट मिळतात आणि गव्हाचा कोंडा पोटाला चांगला अशी समजूत आहे. वाढ्यांत आणि नेपियर गवतात ऑक्झॅलेट असतं, ते चाऱ्यातला कॅल्शियम धरून ठेवतं. कोंड्यात फॉस्फरस फार. नुसतं वाढे आणि कोंडा यावर महिनोन्महिने ठेवलेल्या घोड्याच्या हाडांतला कॅल्शियम निघून जातो, पाय अधूनमधून लंगडतात, नाकाच्या दोन्ही बाजूंची हाडं फुगून चेहरा जाड दिसायला लागतो. वाढे द्यायचेच तर थोडे, सोबत लसूणघास, आणि कोंडा मूठभरच.

कोवळी ज्वारी आणि तोडलेल्या धसकटांना आलेला फुटवा घोड्यापासून लांब ठेवा. किराळ लागते, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा होते, म्हणून आपण गुरांना जपतो, पण सतत हिरवी ज्वारी चरणाऱ्या घोड्याच्या मूत्राशयावर आणि मागच्या पायांवर परिणाम होतो, आणि लुळावलेला घोडा सहसा पुन्हा सावरत नाही. अवकाळी पावसात भिजून काळवंडलेला कडबा, बुरशी धरलेला मका, पांढुरका झालेला भुईमुगाचा पाला, यातलं काहीही नको. बुरशीच्या मक्यानं घोड्याच्या मेंदूवर परिणाम होतो. म्हशींचा मुरघासही मी राजाला देत नाही. त्यात माती, मेलेला उंदीर वगैरे गेला असेल तर त्यातून होणारी विषबाधा घोड्याला पेलत नाही. आणि कोंबड्यांचं खाद्य किंवा गुरांची गोळी पेंड घोड्याच्या तोंडी लागू देऊ नका. त्यांपैकी काहींत मोनेन्सिन असतं. कोंबडीला चालणारं ते औषध घोड्याचं हृदय निकामी करतं. आमच्याकडे ती पोती कुलपात असतात.

चंदी कामाच्या हिशोबानं. राजाला कामाच्या दिवसात एक किलो भिजवलेला हरभरा आणि अर्धा किलो जव, तेही दोन वेळांत वाटून. आधी चारा आणि पाणी, मग चंदी, म्हणजे उपाशी पोटी दाणा जात नाही. मोठ्या घोड्यालाही एका वेळी दोन किलोंच्या पुढे दाणा कधीच नको. विश्रांतीच्या दिवशी चंदी निम्मी. पूर्ण चंदीवर दोन दिवस बांधून ठेवलेला घोडा तिसऱ्या दिवशी कामाला काढला की मागचे पुठ्ठे दगडासारखे आखडतात, लघवी तांबडी-काळी होते. साळूला चंदी नाहीच. वाऱ्यावर पोसणारी जात ती. गूळ बंद केला. कोणताही नवा चारा दहा-बारा दिवसांत, थोडा थोडा वाढवत.

पाणी राजाला रोज पंचवीस ते तीस लिटर, उन्हाळ्यात चाळीसच्या पुढे. हौद रोज घासायचा, शेवाळलेलं पाणी घोडा कमी पितो. सैंधवाचा खडा कायम टांगलेला. घामाघूम घोड्याला पाणी देऊ नये असं जुने लोक सांगतात. मी थोडं थोडं करत लगेच देते, मध्ये पाच मिनिटं चालवते.

चारा जमिनीवर टाकत असाल आणि जमीन वाळूची असेल तर एक तपासणी करून बघा. लिदीचे चार-पाच गोळे बादलीभर पाण्यात कालवा, अर्धा तास ठेवा, वरचं हळूच ओता. तळाशी चमचाभर वाळू बसली असेल तर तीच वाळू घोड्याच्या आतड्यातही साचत असते. आम्ही म्हणूनच चारा जुन्या टायरांत आणि गोणपाटावर टाकतो.

जागा आणि सोबत

फरशी आम्ही उखडली. दोन एकर रानाच्या कडेनं बारा फूट रुंदीची वाट आखली आणि घोडी त्या वाटेवर सोडली. लिंबाचे खांब, त्यांना जाड पांढरी दोरी. काटेरी तार घोड्याला कधीही नको, बिथरलेला घोडा तारेत पाय घालून कातडं सोलून घेतो. मधल्या रानात आम्ही मारवेल राखतो. पाण्याचा हौद एका टोकाला, मीठ दुसऱ्या टोकाला, चारा सहा ठिकाणी. एका ठिकाणचा संपला की पुढे जावंच लागतं. हौदाजवळ वीस फूट मुरूम पसरलाय, त्यावरून रोज जाऊन खूर आपोआप झिजतात. एका कोपऱ्यात लोळायला मऊ माती. तीन बाजूंनी बंद, एका बाजूनं उघडी शेड आहे, कधी आत जायचं ते त्यांचं ते ठरवतात. दोन एकर सगळ्यांकडे नसतं, मान्य. दहा गुंठ्यांच्या कडेनंही अशी वाट निघते. तेवढंही नसेल तर दिवसातून दोनदा तासभर हातात धरून चालवा आणि बांधताना निदान पिछाडी तरी सोडा.

राजा एकटा होता तेव्हा दिवसभर दाराशी उभा राहून एकदा डाव्या, एकदा उजव्या पायावर डुलायचा. फळीची कड दातात धरून हवा ओढायचा. लोकांना वाटायचं खेळतोय. कोंडलेल्या, एकट्या घोड्याचं ते दुखणं आहे. पुढच्या वर्षी मावशींनी वाड्यावर ओझं पेलवेना झालेली साळू आम्हाला दिली. पहिले दोन दिवस दोरीच्या अल्याड-पल्याड ठेवली. तिसऱ्या दिवशी एकत्र सोडल्यावर दोघं समोरासमोर उभे राहिले आणि एकमेकांच्या मानेच्या बुंध्याशी दातानं खाजवायला लागले, राजाचा खालचा ओठ सैल पडून थरथरत होता. त्या रात्री तो मी पहिल्यांदा आडवा झोपलेला पाहिला. घोडा उभ्यानं डुलकी घेतो, पण गाढ झोपेला थोडा वेळ तरी आडवं व्हावं लागतं, आणि कोणी राखणीला उभं आहे असं वाटल्याशिवाय तो आडवा होत नाही. दुसरा घोडा परवडत नसेल तर शेळी ठेवा, गाढव ठेवा. एकटं ठेवू नका.

खरारा रोज, पण चकाकीसाठी नव्हे. हात फिरवताना गाठ, सूज, गोचीड, गरम जागा हाताला लागते. खोगिराखालची पाठ बोटांनी चाचपायची. दाबल्यावर कातडी थरथरली की खोगीर रुततंय. पाठ लागली तर जखम भरेपर्यंत खोगीर बंद, मलम लावून वर पुन्हा खोगीर चढवायचं नाही. नाकाभोवतीच्या लांब मिशा कापू नका. प्रदर्शनात नेताना त्या जाळतात, ते बघवत नाही. तोंडाजवळचं त्याला दिसत नाही, तो मिशांनी चाचपतो.

खूर

यावर मी सगळ्यात जास्त वेळ देते. रोज संध्याकाळी चारही खूर उचलायचे. खांद्याला खांदा लावून, तोंड शेपटीकडे करून उभं राहायचं, हात पायावरून खाली नेत घोट्याच्या वर हलकं दाबायचं, घोडा स्वतः पाय देतो. टोकदार आकड्यानं टाचेकडून बोटाकडे माती काढायची, उलट नाही, कारण मधला त्रिकोणी भाग मऊ असतो आणि आकडा त्यात घुसतो. तो त्रिकोण चांगल्या खुरात जाड रबरासारखा लागतो, अंगठ्यानं दाबला की किंचित दबतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत आकडा फिरवायचा आणि आकडा नाकाजवळ न्यायचा. नुसता मातीचा वास आला तर ठीक. कुजका, नकोसा वास आणि काळा, लिबलिबीत चिकटा आला तर खूर सडायला लागलाय. आमच्या काळ्या मातीत श्रावण-भाद्रपदात हे होतंच. धुऊन पूर्ण कोरडं करायचं, खाचेत टिंक्चर आयोडीनमध्ये भिजवलेला कापूस बसवायचा, रोज बदलायचा. आणि मुळात उभं राहायची जागा कोरडी करायची, त्याशिवाय औषध कितीही लावा, सड थांबत नाही.

खूर महिन्याला आठ-नऊ मिलिमीटर वाढतो. वरून फुटलेला नवा खूर जमिनीला टेकायला वर्षभर लागतं, म्हणजे आजच्या चाऱ्याचा परिणाम पुढच्या वर्षी दिसतो. दर सहा आठवड्यांनी नालबंद येऊन कड घासून जातात. आमची दोन्ही घोडी आता बिननालाची आहेत. पण नाल वाईटच असं मी म्हणणार नाही. ज्याचा घोडा रोज डांबरावर टांगा ओढतो त्याचा खूर वाढीपेक्षा जास्त झिजतो, त्याला नाल लागणारच. नाल काढायची तर सहा-आठ महिने सबुरी हवी, सुरुवातीला मऊ जमिनीवरच चालवायचं. खुराला रोज तेल चोपडायची मात्र काही गरज नाही.

एक चूक माझ्या हातून झाली ती सांगते. पहिला पाऊस पडून हिरवं लुसलुशीत गवत आलं तेव्हा वर्षभर कष्ट केलेल्या साळूला आता सुखानं खाऊ दे म्हणून मी दिवसभर मधल्या रानात सोडली. आठव्या दिवशी ती पुढचे पाय लांब पुढे टाकून, सगळं वजन मागे घेऊन उभी होती, वळायला तयार नाही. खूर हाताला गरम. घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोट ठेवलं तर एरवी शोधून न सापडणारी नाडी ठणाठणा उडत होती. लॅमिनायटिस. खुराच्या आतलं हाड ज्या पडद्यांनी खुराला धरलेलं असतं ते पडदे सुजतात, आणि उशीर झाला तर हाड खाली सरकतं. वेळेत डॉक्टर आले, तिला मऊ वाळूवर उभी केली, हिरवं बंद, नुसतं भिजवून साखर उतरवलेलं वाळलं गवत. सहा आठवडे लागले. काटक जातीच्या तट्टांना हे फार पटकन होतं. मानेचा वरचा काठ जाड आणि टणक लागायला लागला की खाणं आवरा. आता पावसाळ्यात मी पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं, मग रोज थोडं वाढवत तीन आठवड्यांनी तिला मोकळी सोडते.

दात, जंत, साथीचे रोग

घोड्याचे दात आयुष्यभर थोडे थोडे वर येत राहतात आणि चावून झिजतात. कडांना धार आली की गाल कापतो. चावलेल्या चाऱ्याचे बोळे तोंडातून खाली पडणं ही पहिली खूण. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तोंड उघडून तपासून घ्या.

जंताचं औषध दर दोन महिन्यांनी डोळे मिटून देण्याची पद्धत सोडा, त्यानं जंत औषधाला सरावतात. लीद पशुवैद्यकीय दवाखान्यात देऊन अंडी मोजून घ्या आणि गरजेनुसार, वजनावर मात्रा ठरवून द्या. वाटेवरची लीद आम्ही एक दिवसाआड उचलतो, तिचं उसाला खत होतं. पावसाळ्यानंतर पायांच्या केसांवर पिवळी, तिळाहून बारीक अंडी चिकटलेली दिसतात, ती 'बॉट' नावाच्या माशीची. घोडा चाटून ती पोटात घेतो. ती मी पात्यानं खरडून काढते.

नैसर्गिक सांभाळ म्हणजे लस नको, डॉक्टर नको असं मानणारे लोक मला भेटतात, आणि मला फार वाईट वाटतं. धनुर्वात घोड्याला जितक्या सहज होतो तितका दुसऱ्या पाळीव जनावराला क्वचितच होतो, आणि झाल्यावर जनावर फार हालात जातं. त्याची लस दर वर्षी द्याच. रेबीजचीही. पावसाळ्यात आणि नंतर गोमाश्या वाढल्या की सर्रा हा रोग येतो. ताप चढतो-उतरतो, पोटाखाली आणि पायांना पाणी उतरतं, खातोय तरी घोडा सुकत जातो. रक्त तपासलं की कळतं, औषध आहे. एकाची सुई दुसऱ्याला वापरू देऊ नका.

शेंब्या म्हणजे ग्लँडर्स, तो माणसालाही होतो. नाकातून घट्ट, चिकट स्राव, नाकात व्रण, पायांवर ओळीनं गाठी आणि त्या फुटणं, असं दिसलं तर घोडा वेगळा बांधा आणि सरकारी दवाखान्यात कळवा. खात्री करणाऱ्या तपासण्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होतात. रोग निघाला तर घोडा मारावा लागतो, कायद्यानं भरपाई मिळते. लपवू नका, तुमच्या घरातली मुलंच त्या घोड्याजवळ जात असतात. म्हणूनच बाजारातून आणलेला घोडा निदान तीन आठवडे वेगळा ठेवायचा, बादली-खरारा वेगळा, आणि तपासणीचा दाखला आधी बघायचा. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या बाजारात लोक भोवऱ्या, म्हणजे केसांची शुभ-अशुभ मानलेली वळणं, बघतात, गळ्यावर देवमण भोवरा आहे का, चार पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी आहे का. बघा हवं तर. पण मग तोंड उघडून दात बघा, चारही खूर उचला, दहा मिनिटं चालवून श्वास बघा.

कण्हेर कुंपणाला लावू नका, मूठभर पानंही घोड्याला मारायला पुरतात. निर्माल्यातल्या कण्हेरीच्या माळांकडेही लक्ष ठेवा. लग्नाच्या वरातीतून आणलेल्या घोड्याला लोक लाडू, जिलेबी, उरलेल्या पोळ्या भरवतात, ते हात जोडून थांबवावं लागतं.

काम घेताना १९६५ चे केंद्राचे नियम ठाऊक असू द्या. तट्टावर ७० किलोंपेक्षा जास्त ओझं नको, पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ काम नको, काटेरी लगाम अजिबात नको. आमच्या भागात घोडा नाचवतात. डीजेच्या भिंतीसमोर, तोंडातून रक्त येणाऱ्या काटेरी लगामावर. लोक नोटा उधळतात. त्या घोड्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग बघा, तो नाचत नसतो, सुटायला बघत असतो. असं आमंत्रण राजाला आलं की आम्ही नाही म्हणतो, सुपारी कितीही असो.

पोट दुखायला लागलं तर

समोरचा चारा काढा. डॉक्टरांना फोन करा. लोळून अंग आपटत असेल तर हळूहळू चालवा, पण तासन्तास फरफटू नका. शांत पडून राहिला तर पडू द्या. बाटलीनं किंवा नळकांड्यानं तेल, ताक, ओव्याचं पाणी तोंडात ओतू नका. मान वर करून ओतलेलं घोड्याच्या श्वासनळीत जातं, पोटाचं राहतं बाजूला आणि न्यूमोनिया होतो. तेल द्यायचं ते डॉक्टर नाकातल्या नळीनं थेट जठरात देतात. दुखणं थांबवायचं इंजेक्शन घरचं घरी देऊ नका, खूण दबते आणि आतड्याला पीळ असेल तर वेळ निघून जातो.

फोनवर डॉक्टर पाच गोष्टी विचारतात, त्या आधीच मोजून ठेवा. ताप: गुदद्वारात थर्मामीटर, नेहमीचा ९९ ते १०१ फॅरनहाइट. नाडी: जबड्याच्या खालच्या काठावर आतून शीर हाताला लागते, मिनिटाला २८ ते ४४, ६० च्या वर गेली तर घाई आहे असं स्पष्ट सांगा. श्वास ८ ते १६. हिरडी अंगठ्यानं दाबून सोडली की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. आणि शेवटची लीद कधी पडली ते.

हे सगळं घोडा बरा असतानाच महिनाभर अधूनमधून मोजून बघा, म्हणजे तुमच्या घोड्याचे नेहमीचे आकडे कळतात आणि हातालाही सवय होते. आमच्या शेडच्या आतल्या भिंतीवर डॉक्टरांचा नंबर आणि हे आकडे ऑइलपेंटनं लिहिलेत, रात्री बॅटरीच्या उजेडात दिसतील एवढ्या मोठ्या अक्षरांत. साळूची रांग वेगळी आहे. तिची नाडी राजापेक्षा चार-पाच ठोक्यांनी जास्तच असते, पहिल्यांदा मोजली तेव्हा उगाच घाबरले होते.